सुट्टीच्या दिवशीची पाळी नाकारताना : उद्यमबागेत नव्याने आलेल्यांसाठी

चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागांतून बेळगावात कामाला येणाऱ्या मुलांना खोली कुठे घ्यावी आणि डबा कोणाकडे लावावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात; शनिवारी संध्याकाळी सुपरवायझर वही घेऊन मशीनजवळ येतो तेव्हा काय बोलावे, हे मात्र कोणी सांगत नाही. मी एकोणीस वर्षांपूर्वी पाटणे फाट्याजवळच्या गावातून येऊन उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो, आणि पहिल्या वर्षातले किती रविवार खरोखर माझे होते ते बोटांवर मोजता येईल.

विचारण्याची रीत ठरलेली असते. पाळी सुटायला दहा मिनिटे असतात, आपण कापसाच्या वेस्टच्या गोळ्याने हातावरचे तेल पुसत असतो, आणि सुपरवायझर आपले नाव पेन्सिलीने आधी लिहून मग विचारतो, "उद्या येतोस न्हवं?" नाव लिहिलेले दिसले की नवा मुलगा मान हलवतो. तीन आठवडे मान हलवली की चौथ्या आठवड्यात विचारणेही बंद होते. म्हणून पहिला नकार पहिल्या महिन्यातच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर होकार देऊन मग नाही म्हणणाऱ्याला "आता शहाणा झाला" असे ऐकावे लागते. सुरुवातीपासून अधूनमधून नाही म्हणणाऱ्याचा तो स्वभाव समजला जातो.

मी हे उशिरा शिकलो. त्या वर्षी गावी रोपलावण चालू असताना मी सलग एकोणीस दिवस कामावर होतो. विसाव्या दिवशी लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात, चावी तशीच ठेवून मी मशीन चालू केली. चावी सुटून माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यावर आदळली. शेजारच्या मशीनवरच्या मामांनी काही न बोलता माझी मशीन बंद केली आणि मला बाहेर नेऊन चहा पाजला. त्या महिन्यातल्या रविवारांचे पैसे पाकिटात आले, तेही साध्या दराने, आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्या दिवसांची हजेरीच नव्हती. अशा एखाद्या रविवारी चावी मला लागली असती, तर मी त्या दिवशी कामावर होतो हे कोणत्या कागदावरून दाखवले असते?

याविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, रविवारची सुट्टी बदलायची असल्यास आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत दुसरी सुट्टी देण्याची अट ठेवली, आणि कोणाकडूनही पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांहून अधिक काम घेण्यास मनाई केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आठवड्याला सहाच दिवस काम, जादा कामासाठी कामगाराची संमती आणि दुप्पट दर ही तत्त्वे आहेत. समजा, तुमचा आठ तासांचा रोज ६०० रुपये आहे, तर तास ७५ रुपयांचा झाला. ४८ तास भरल्यानंतरचा तास १५० रुपयांचा, आणि सातव्या दिवसाचे आठ तास १,२०० रुपयांचे. मात्र त्याच आठवड्यात बदली सुट्टी मिळाली, तर एकूण तास ४८ च्या आत राहतात आणि दुप्पट दराचा प्रश्न उरत नाही. सुट्टी घेतली आणि दुप्पटही मागितली, तर हसे होते.

सणांच्या सुट्ट्यांबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की आता तुम्ही कर्नाटकात आहात. इथे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांच्याबरोबर १ मे आणि १ नोव्हेंबर याही भरपगारी सुट्ट्या आहेत.

नकाराची भाषा लहान असावी. सुपरवायझर कन्नड बोलणारा असेल तर "नाळे आगूदिल्लरी", म्हणजे उद्या जमणार नाही, एवढे पुरते; शेवटच्या 'री'मध्ये अदब आहे, ती गाळू नये. कारण सांगू नये, कारण सांगितलेल्या प्रत्येक कारणाची सोय काढली जाते. आईला दवाखान्यात न्यायचे आहे म्हटले, तर "सकाळी ने आणि दुपारच्या पाळीला ये" असे उत्तर तयार असते. खोटे कारण तर मुळीच देऊ नये. बेळगाव आणि चंदगड यांच्यात सोयरिकी इतक्या आहेत की सुपरवायझरचे पाहुणे तुमच्याच तालुक्यात निघतात, आणि तुम्ही मारलेली आजी त्यांना बाजारात भेटते. तोंडी सांगितल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकाव्यात: "उद्या माझी साप्ताहिक सुट्टी आहे, मी येणार नाही. सोमवारी पहिल्या पाळीला हजर आहे." आणि सोमवारी खरोखरच दहा मिनिटे आधी पोहोचावे, रेल्वेच्या तिसऱ्या गेटाजवळ अडकलो, हे त्या दिवशी चालत नाही.

ठेकेदाराकडून लागलेल्या मुलांची गोष्ट अवघड आहे, हे मी नाकारत नाही. खोली त्याची, जेवण त्याचे आणि वर उचल घेतलेली, अशा अवस्थेत रविवारी नाही म्हणायला तोंड उघडत नाही. निदान पहिले सहा महिने उचल घेऊ नये. मोबाइलसाठी घेतलेल्या पाच हजारांच्या उचलीपायी गणपतीतसुद्धा गावी जाऊ न शकलेली मुले मी पाहिली आहेत. भाड्यात थोडे अधिक गेले तरी चालेल, पण खोली स्वतःची, दोघा-तिघांत मिळून घेतलेली असावी.

प्रत्येक वेळी नाहीच म्हणावे, असे मात्र नाही. मशीन बंद पडून माल अडकला असेल, किंवा रात्रीच्या पाळीचा माणूस आजारी पडला असेल, तर मीही जातो. जाण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारतो: मस्टरवर हजेरी लागणार का, आणि बदली सुट्टी कोणत्या दिवशी. वार ठरल्याशिवाय हो म्हणत नाही, कारण "बघू पुढच्या आठवड्यात" या नावाचा वार दिनदर्शिकेत नसतो.

उरला प्रश्न रविवारी सकाळी येणाऱ्या फोनचा. पूर्वी मी तो उचलत असे आणि अर्धवट झोपेत हो म्हणून बसत असे. आता माझा फोन रविवारी नऊपर्यंत बंद असतो. सुपरवायझरला ते ठाऊक आहे, आणि त्याला खरोखर गरज असली की तो शुक्रवारीच विचारतो.