सात दालनं आणि माझा फसलेला तक्ता

एम.ए.ला गॉथिक साहित्यावर, म्हणजे भय आणि गूढ यांभोवती फिरणाऱ्या साहित्यावर, टर्म पेपर होता. मी अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ ही १८४२ सालची कथा निवडली, कारण ती जेमतेम पाचसहा पानांची आहे. (विषय बहुतेक जण असाच निवडतात.)

‘रेड डेथ’ नावाच्या साथीच्या भीतीने प्रिन्स प्रॉस्पेरो हजार मित्रांसह मठात कोंडून घेतो आणि सात रंगांच्या सात दालनांत मुखवट्यांचा जलसा भरवतो. मी लगेच तक्ता आखला : निळा म्हणजे जन्म, हिरवा म्हणजे तारुण्य, काळा म्हणजे मृत्यू. मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली आणि समासात विचारलं, ‘हे कथेत कुठे आहे?’

कुठेच नव्हतं. दालनं पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात एवढं पो सांगतो. पूर्व म्हणजे जन्म, हे टीकाकारांचं. ते टाकाऊ नाही, पण आयतं उचललं की पुढे लिहायला काही उरत नाही. शिवाय आपले रंग मध्ये लुडबुडतात. लाल म्हटलं की आपल्याकडे कुंकूही आणि विधवेचं आलवणही. नारिंगी दालनावर तर मी भगव्या वैराग्याचं अर्धं पान खरडलं होतं!

तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर रंगाचा अर्थ शोधण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघा. या दालनांत दिवा नाही, मेणबत्ती नाही. बाहेरच्या बोळात प्रत्येक खिडकीसमोर तिवईवर पेटती शेगडी आहे आणि रंगीत काचेतून तिचा उजेड आत पडतो. सहा दालनांत काच भिंतीच्याच रंगाची. सातव्यात मात्र सगळीकडे काळी मखमल आणि काच रक्तासारखी लाल. आता कथेचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. या रोगाची खूण काय? अंगावर, विशेषतः चेहऱ्यावर, लाल डाग. म्हणजे सातव्या दालनात पाऊल टाकणाऱ्याचा चेहरा रोग होण्याआधीच लाल दिसतो. म्हणून तिथे जायला फारसं कुणी धजत नाही. हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं, आणि पेपर खरा तिथून सुरू झाला.

दालनांचा नकाशाही काढा. दर वीसतीस यार्डांवर वळण आहे, त्यामुळे एका वेळी जेमतेम एकच दालन दिसतं. शेवटी जलशात रेड डेथच्याच वेषात अवतरलेला एक अनोळखी पाहुणा निळ्यातून एकेक दालन संथ पावलांनी ओलांडतो, प्रिन्स खंजीर घेऊन त्याच्यामागे धावतो आणि काळ्या दालनात कोसळतो. नकाशा समोर असला की ती धाव पायांत जाणवते.

तुलनेला शार्लट ब्राँटेची १८४७ची कादंबरी ‘जेन आयर’ घ्या. दहा वर्षांच्या जेनला ज्या लाल खोलीत कोंडतात, तिथे तिचे मामा वारले होते. पडदे गडद लाल, पण खोली थंडगार, कारण तिथे क्वचितच विस्तव पेटतो. पोच्या लालामागे आग आहे, इथल्या लालात नाही.

माझं एक कोडं अजून सुटलेलं नाही. दुसरं दालन ‘पर्पल’, सहावं ‘व्हायोलेट’. मराठीत दोन्हींना जांभळाच सुचतो. मैत्रिणीला कथा सांगताना मी सहाव्याला ‘वांगी रंगाचं दालन’ म्हटलं. ती इतकी हसत सुटली की पुढचं काळं दालन सांगायचं राहूनच गेलं.