चर्चमध्ये ड्युटी करणाऱ्या स्वयंसेवकांनी वहीत नेमकं काय लिहायचं?

नाताळ जवळ आला की प्रत्येक चर्चमध्ये मीटिंग होते, दहा-बारा पोरं सुरक्षेच्या ड्युटीला तयार होतात, गळ्यात बॅज अडकवतात, आणि मग कुणीतरी म्हणतं की बाहेरच्या देशात चर्चवर हल्ले होतात बघा, आपण पण अलर्ट पाहिजे. बरोबर आहे. पण तेवढ्यात पार्किंगमधून कुणाची तरी ॲक्टिव्हा गेलेली असते आणि ती कुणी लिहून ठेवलेली नसते. पुण्यात कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये मी बरीच वर्षं हे काम करतोय, त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी एक दोनशेपानी वही घ्या. व्हॉट्सॲप ग्रुप नको, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. वही ऑफिसच्या कपाटात, चावी दोघांकडे.

मग लिहायचं काय, तर मी एकच प्रश्न विचारतो, ही गोष्ट कळल्यामुळे पुढच्या रविवारी आपण काही वेगळं करणार आहोत का? करणार असू तर घटना कामाची, वहीत घ्या. नसू तर ती बातमी, चहासोबत बोलून सोडून द्या.

सुरुवात आपल्याच आवारापासून करा. आमच्याकडे एका वर्षात तीन पर्स गेल्या आणि तिन्ही वेळा लोकांनी वॉचमनला बोल लावले. वहीत वेळा लिहिल्या तेव्हा कळलं की तिन्ही कम्युनियनच्या वेळी गेल्यात, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला माणसं लाईनमध्ये वेदीकडे पुढे जातात, पर्स आणि मोबाईल बाकावरच, आणि आमचे स्वयंसेवक पण भक्तिभावाने त्याच लाईनमध्ये! आता दोघं जण सगळ्यात शेवटी जातात, तोपर्यंत मागे उभे राहतात, आणि फादर आधी माईकवरून सांगतात की सामान सोबत घ्या. त्यानंतर एकही पर्स गेलेली नाही. हे एकेकट्या चोरीवरून कधीच कळलं नसतं.

तसंच गुड फ्रायडेचं. दुपारी बारा ते तीन उपासना, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं चाललेली, एप्रिलचं ऊन, आणि निम्मी मंडळी उपाशी. दरवर्षी कुणीतरी आजी चक्कर येऊन पडतात आणि आपण दरवर्षी नवीनच काहीतरी घडल्यासारखे धावतो. कोण पडलं, कुठल्या बाकावर, पंखा होता का, पाणी किती मिनिटांत मिळालं, एवढं लिहा, पुढच्या वर्षी बाजूचं दार उघडं ठेवाल आणि ओआरएस आणून ठेवाल. पायरीवरून घसरणं, पोर हरवणं, दानपेटीचं कुलूप हललेलं दिसणं, हे पण आलंच.

थोडक्यात टळलेलं पण लिहायचं, आणि हेच लोक विसरतात. नाताळच्या देखाव्यातल्या, येशूजन्माच्या गोठ्याच्या लायटिंगची वायर गरम होऊन गवत काळं पडलं, ग्रोटोजवळच्या, म्हणजे मारियामातेच्या गुहेजवळच्या मेणबत्तीने ओढणी पेटता पेटता राहिली, काही झालं नाही म्हणून सगळे हसले. हसा, पण लिहा.

आता बाहेरच्या घटना. घटना किती लांबची आहे ह्यापेक्षा ती घडली कशी हे बघा. २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांवर हल्ले झाले, त्यात बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये दाराशी असलेल्या एका माणसाने मोठी बॅग घेऊन आलेल्याला आत जाऊ दिलं नाही, स्फोट बाहेरच झाला. आतली खूप माणसं वाचली, दाराशी उभा असलेला तो माणूस स्वतः गेला, आणि संडे स्कूल सुटून अंगणात आलेली लेकरं पण गेली. म्हणून आम्ही पोरांचा खाऊ गेटजवळून उचलून मागच्या हॉलमध्ये नेला. आपल्या जर्मन बेकरीचं पण तसंच, १३ फेब्रुवारी २०१० ला बॉम्ब टेबलाजवळ ठेवलेल्या बॅगेत होता. बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, उघडून बघायची नाही, लोकांना लांब न्यायचं आणि ११२ ला फोन.

चर्चमधलीच घटना पाहिजे असं पण नाही. २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या आणि त्यावर ती गर्दी. चोवीस डिसेंबरच्या रात्री एका मिस्साची (उपासनेची) माणसं बाहेर पडतायत आणि दुसऱ्याची त्याच दारातून आत घुसतायत, हे तुमच्याकडे पण होतं ना? मग मांढरदेवी तुमच्या वहीत पाहिजे. उलट कुठल्या तरी देशातला, तारीख नसलेला फॉरवर्डेड व्हिडिओ अजिबात नको.

अजून एक, नवीन चेहरा ही घटना नाही. नाताळला आपल्याकडे पेठांमधून कितीतरी लोक गोठा बघायला येतात, त्यांच्याकडे संशयाने बघणार असाल तर बॅज काढून ठेवा. कपडे, दाढी, आडनाव लिहायचं नाही. काय केलं ते लिहायचं, जसं की दोनदा वेदीमागच्या खोलीचं दार ढकलून बघितलं. आणि 'दारू प्यायलेला वाटला' नको, 'तोल जात होता, ओरडत होता' असं पाहिजे.

एका गोष्टीत मात्र वही चालत नाही. लहान मुलाशी कुणी वाईट वागलंय असं कळलं किंवा तशी शंका आली तर चर्चचं नाव खराब होईल म्हणून कमिटीत मिटवायचं नाही, मग तो माणूस कितीही मोठ्या पदावर असू दे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलाचं नाव वहीत नको, ग्रुपवर तर नकोच. १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर पण मदत मिळते.

महिन्यातून एकदा मिस्सा झाल्यावर पंधरा मिनिटं बसा आणि वही मोठ्याने वाचा, नोंद करणाऱ्यावर कुणी चिडणार नाही एवढं आधी ठरवून. पहिल्या पानावर ११२ (पोलीस), १०१ (फायर ब्रिगेड), १०८ (ॲम्ब्युलन्स) आणि जवळच्या चौकीचा नंबर लिहा, आणि पेन दोरीने वहीलाच बांधा, नाहीतर दानपेटी मोजणारे घेऊन जातात.