एच-१बीवर नोकरी गेली तर: या चुका टाळा

एच-१बी (अमेरिकेत नोकरी करण्याचा व्हिसा) तुमच्या नावावर असला तरी पिटिशन (त्यासाठी सरकारकडे केलेला अर्ज) कंपनीचं असतं. नोकरी गेली की नवी सोय लावायला किंवा देश सोडायला हातात उरतात जास्तीत जास्त ६० दिवस, आणि बहुतेकांचा घोळ होतो तो याच हिशोबात.

सेव्हरन्सचे (नोकरीवरून काढताना कंपनी देते ते) पैसे येताहेत म्हणजे मुदत थांबलीय, असं धरू नका. नोकरीचा शेवटचा दिवस ३ मार्च असेल तर साठावा दिवस २ मे. शनिवार-रविवार त्यातच आले. आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल याची प्रवेशाच्या वेळची नोंद) त्याआधी, समजा १० एप्रिलला, संपत असेल तर मुदतही १० एप्रिललाच संपली. पासपोर्टची मुदत थोडी उरलेली असताना अमेरिकेत शिरलात, तर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळू शकतो, आय-७९७वर (पिटिशनच्या मंजुरीच्या पत्रावर) पुढची दोन वर्षं लिहिलेली असली तरी. म्हणून भारतातून परतलात की त्याच आठवड्यात आय-९४ ऑनलाइन उघडून बघा.

ऑफर लेटर मिळालं की लोक निर्धास्त होतात. पण नव्या कंपनीचं पिटिशन मुदतीच्या आत यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोचावं लागतं. त्याआधी एलसीएला (कामगार खात्याकडून घ्यायच्या मंजुरीला) कामाचे सात दिवस. कंपनीने कधी एच-१बी केलाच नसेल तर तिचा टॅक्स नंबर पडताळण्यात आणखी काही दिवस. वकिलाची कागदपत्रं वेगळीच. चाळिसाव्या दिवसापर्यंत ऑफर हातात हवी. पिटिशन पोचलं की मंजुरीआधीच काम सुरू करता येतं.

ऑफर नसेल तर मुदतीत आय-५३९ हा फॉर्म भरून बी-२ (पर्यटकाचा दर्जा) मागता येतो, पण त्यावर काम करता येत नाही. ‘भारतात जाऊन शोधू’ हा बेत आता महागात पडतो: पासपोर्टवर वैध एच-१बी स्टॅम्प (व्हिसा) नसलेल्या, देशाबाहेरच्या माणसाच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलर लावणारा आदेश २१ सप्टेंबर २०२५ला लागू झाला.

प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) जाईल या धास्तीने नकोशा नोकरीला चिकटणारेही पुष्कळ. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस झाले की कंपनीने तो मागे घेतला तरी तारीख राहते आणि एच-१बीची सहा वर्षांपुढची मुदतवाढही मागता येते. नव्या कंपनीला पर्म (ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याकडून घ्यायचं प्रमाणपत्र) मात्र पहिल्यापासून करावं लागतं.

लेऑफच्या मेलमागोमाग लॅपटॉप बंद होतो. सगळे आय-७९७, शेवटचे तीन पे-स्टब (पगाराच्या पावत्या), डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला) आणि आय-१४०चा रिसीट नंबर आजच स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीने एच-१बीची मुदत संपण्याआधी काढलं तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिनेच द्यायचा असतो. तो फक्त तुमचा. बायकामुलांचा नाही, आणि राजीनामा दिलात तर तुमचाही नाही.