कर्जावरील व्याजदर स्वॅपचा हिशेब कसा लिहावा

बदलत्या व्याजदराचे कर्ज घेतलेली कंपनी दरवाढीच्या धास्तीने बँकेशी व्याजदर स्वॅप करते, तेव्हा व्यवहार म्हणून त्यात गुंतागुंत फारशी नसते. कंपनी ठरलेला स्थिर दर देते, बँक त्या काळाचा संदर्भ दर (कर्जाचे बदलते व्याज ज्यावरून ठरते तो बाजारातील दर) देते आणि प्रत्यक्षात दोहोंतील फरकाचीच रक्कम चुकती होते. अडचण हिशेबात येते. कर्ज ताळेबंदात अमॉर्टाइज्ड कॉस्टने (बाजारभावाने नव्हे, तर मूळ रकमेवरून प्रभावी व्याजदराने काढलेल्या मूल्याने) राहते, पण स्वॅप हा डेरिव्हेटिव्ह (ज्याचे मूल्य दुसऱ्या कशावर, इथे व्याजदरावर, अवलंबून असते असा करार) असल्यामुळे तो प्रत्येक अहवाल-तारखेला रास्त मूल्याने, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारमूल्याने, दाखवावा लागतो आणि एरवी त्या मूल्यातील सगळा बदल थेट नफा-तोटा पत्रकात जातो. त्यामुळे ज्या कंपनीने धोका कमी केला तिचाच नफा अधिक हेलकावे खाताना दिसतो. ही विसंगती दूर करण्यासाठी हेज अकाउंटिंगची, म्हणजे धोका झाकणारा व्यवहार (हेज) आणि झाकलेला धोका यांचे परिणाम एकाच काळात दाखवण्याची, सोय आहे. ती ऐच्छिक आहे, पण तिच्या अटी सक्तीच्या आहेत. पुढील विवेचन १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाला धरून आहे.

पहिले काम जमाखर्चाचे नसून कागदाचे आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. कोणता स्वॅप, कोणत्या कर्जाचे कोणते व्याज, कोणता धोका, धोका-व्यवस्थापनाचे कोणते धोरण, हेजचे प्रमाण (किती कर्जासाठी किती रकमेचा स्वॅप) किती आणि परिणामकारकता कशी तपासणार, हे सारे हेज सुरू होतानाच लेखी नोंदवावे लागते. मागील तारखेपासून हेज अकाउंटिंग लावता येत नाही. स्वॅप जानेवारीत केला आणि दस्तऐवज मार्चमध्ये तयार झाला, तर मधल्या काळातील मूल्यबदल नफा-तोट्यातच राहतो. शिवाय मार्चमध्ये त्या स्वॅपचे मूल्य शून्य नसते आणि तेवढ्यामुळेही पुढे तफावत निर्माण होत राहते.

त्यानंतर तीन कसोट्या पाहाव्यात. कर्ज आणि स्वॅप यांच्यात आर्थिक संबंध असावा, म्हणजे एकाच दराच्या हालचालीने दोघांची मूल्ये सर्वसाधारणपणे परस्परविरुद्ध दिशेने सरकावीत. मूल्यातील बदलांवर पतजोखमीचा (समोरचा पक्ष पैसे न देण्याच्या धोक्याचा) वरचष्मा नसावा. आणि कागदावरील हेजचे प्रमाण कंपनी प्रत्यक्षात वापरते तेच असावे. आयएएस ३९ या आधीच्या मानकातील परिणामकारकतेची ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा आयएफआरएस ९ मध्ये उरलेली नाही. मुद्दल, मुदत, व्याजाच्या तारखा आणि संदर्भ दर तंतोतंत जुळत असतील, तर आर्थिक संबंध गुणात्मक तपासणीनेही दाखवता येतो. मात्र कर्जकरारात संदर्भ दर शून्याखाली धरला जाणार नाही असे कलम असेल आणि स्वॅपमध्ये ते नसेल, तर जुळणी पूर्ण नाही. ही कलमे दोन्ही करारांत प्रत्यक्ष वाचूनच ताडून घ्यावीत.

आता आकडे घेऊ. कर्ज १० कोटी, व्याज संदर्भ दर अधिक २ टक्के; स्वॅपमध्ये कंपनी ६ टक्के देते आणि संदर्भ दर घेते. संदर्भ दर ७.५ टक्के असेल तर कर्जाचे व्याज ९५ लाख होते, स्वॅपमधून १५ लाख मिळतात आणि निव्वळ व्याजखर्च ८० लाख राहतो. दर ५ टक्क्यांवर आला तर व्याज ७० लाख, स्वॅपवर देणे १० लाख आणि खर्च पुन्हा ८० लाखच. स्वॅपची ही चुकती रक्कम व्याजखर्चातच दाखवावी.

वर्षअखेरचे मूल्यमापन हा खरा नाजूक भाग आहे. हा रोकडप्रवाहाचा, म्हणजे पुढे द्यायच्या व्याजाच्या रकमेतील चढउतारांचा, हेज असल्यामुळे स्वॅपच्या मूल्यबदलाचा परिणामकारक भाग इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून (नफा-तोट्याबाहेर दाखवल्या जाणाऱ्या उत्पन्नातून) भागधारकांच्या निधीतील हेज राखीव निधीत जातो. तो किती, हे ठरवण्यासाठी कर्जाच्या अटींशी तंतोतंत जुळणारा आणि हेज सुरू होताना शून्य मूल्याचा एक काल्पनिक स्वॅप मांडतात. प्रत्यक्ष आणि काल्पनिक स्वॅपच्या एकूण संचित बदलांपैकी जो लहान, तेवढीच रक्कम निधीत राहते. समजा, प्रत्यक्ष स्वॅपचे मूल्य २४ लाख झाले आणि काल्पनिकाचे २३ लाख. मग स्वॅप मालमत्ता २४ लाख नावे, हेज राखीव निधी २३ लाख जमा आणि नफा-तोटा १ लाख जमा. पुढील वर्षी हीच मूल्ये १० लाख आणि ९.५ लाख झाली, तर स्वॅप १४ लाख जमा, निधी १३.५ लाख नावे आणि नफा-तोटा ०.५ लाख नावे. याउलट पहिल्या वर्षी प्रत्यक्ष स्वॅप २२ लाखच असता, तर निधीत २२ लाख गेले असते आणि नफा-तोट्यात काहीच आले नसते. या आकड्यांतून साचलेले व्याज वगळलेले असावे, नाहीतर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. निधीवरील स्थगित कराची (पुढील काळात द्याव्या लागणाऱ्या किंवा वाचणाऱ्या कराची) नोंदही इतर सर्वसमावेशक उत्पन्नातच करावी.

स्थिर दराचे रोखे काढून स्वॅपने बदलता दर स्वीकारणाऱ्या कंपनीचा हेज रास्त मूल्याचा असतो. तिथे राखीव निधी नसतो. स्वॅपचा बदल नफा-तोट्यात जातो, हेज केलेल्या धोक्यापुरते रोख्यांचे पुस्तकी मूल्यही बदलून त्याचा परिणाम तिथेच घेतला जातो आणि हे समायोजन पुढे प्रभावी व्याजदराने निकाली काढले जाते.

हेज केवळ मर्जीने थांबवता येत नाही. स्वॅप मुदतीआधी संपवला, पण हेज केलेले व्याज पुढेही द्यावे लागणार असेल, तर निधीतील रक्कम तशीच ठेवून त्या व्याजाबरोबर नफा-तोट्यात वर्ग करावी. ते व्याज द्यावेच लागणार नसेल, तर ती लगेच वर्ग करावी. कर्ज मुदतीआधी फेडून नवे कर्ज घेण्याची शक्यता असलेल्या कंपनीने म्हणूनच मूळ दस्तऐवजाच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे: हेज एका विशिष्ट कर्जाला बांधला असेल, तर कर्जफेडीबरोबर तो संपतो; पण ‘बदलत्या दराच्या पहिल्या १० कोटी कर्जावरील व्याज’ असे नोंदवलेले असेल, तर नवे कर्ज त्याच संदर्भ दराचे असल्यास आणि त्यावरील व्याज द्यावे लागण्याची दाट शक्यता दाखवता येत असल्यास तोच हेज पुढे चालू राहू शकतो.