डोंगरपट्ट्यातल्या वावरासाठी हलकी बोल्ट रायफल निवडताना

बालाघाटाच्या उतारावर किंवा कन्नड-सोयगावकडच्या अजिंठा रांगेच्या पायथ्याला वावर असलं की राखणीला रात्रीतून दोन-तीनदा बांध चढावे-उतरावे लागतात. एका हातात बॅटरी, कमरेला पाणी आणि खांद्यावर रायफल. दिवसा दुकानात जाणवत नाही तो किलोभराचा फरक पहाटे तीन वाजता बरोबर जाणवतो. म्हणून हलकी रायफल हवी, हे खरं. पण इंटरनेटवर ‘माउंटन रायफल’ म्हणून जे दिसतं ते आपल्या कामाचं नाही. टिक्का टी-3-एक्स लाइटसारखी सुमारे 2.9 किलोची रायफल दिवसभर डोंगर चढून अडीच-तीनशे मीटरवर एक गोळी झाडणाऱ्यासाठी असते. आपल्याकडे तुरीत किंवा मक्यात घुसलेलं डुक्कर पन्नास-साठ मीटरवर असतं, त्यामुळे निवडीचे निकषही वेगळे.

आधी कागद. हौसेच्या शिकारीला भारतात जागा नाही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातल्या कलम 11 नुसार उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या अनुसूची 2 मधल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या अनुसूचीत येतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे हरभरा कितीही खाल्ला तरी पिकाच्या नावाखाली त्याच्यावर गोळी चालवता येत नाही. आणि परवानगीने मारलेलं जनावरही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. घरी नेऊन वाटे घालायचे नाहीत.

शस्त्र परवान्याची गोष्ट निराळी. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 13 पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरून चालतं. ती पुरत नसल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे बहुधा बारा बोअर. रायफलसाठी सबळ कारण स्वतंत्रपणे पटवून द्यावं लागतं. शिवाय अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. गौताळा-औट्रमघाट, येडशी-रामलिंग घाट, नायगाव मयूर, जायकवाडी, पैनगंगा ही नावं जवळपास असतील तर आधी नकाशावर अंतर मोजा, मग अर्जामागे धावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. घरात वडिलोपार्जित बारा बोअर तुमच्या नावावर असेल तर रायफल हे तुमचं शेवटचं शस्त्र. आमचं मत विचाराल तर सपाट, वस्तीने वेढलेल्या शिवारात बारा बोअर आणि झटका मशीन एवढ्यावर काम भागतं. रायफलची खरी गरज उतारावरच्या, मोकळ्या, लांब नजर जाणाऱ्या वावराला.

आता काडतूस. .303 हे सैनिकी बोअर, ते सामान्य परवान्यात बसत नाही. प्रत्यक्षात निवड दोघांत होते: .315 आणि .30-06. दोन्ही रायफली ईशापूरच्या कारखान्यात बनतात आणि काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची. .22 रेंजवरच्या सरावाला छान, पण डुकरासाठी नाही. जनावर जखमी होऊन ज्वारीत घुसतं आणि सकाळी खुरपायला आलेल्या बाईच्या अंगावर जातं.

.315 ची गोळी जड आणि बोथट, 244 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला साधारण 620 मीटर. शंभर मीटरपर्यंत डुकराला पुरून उरते. त्यापुढे मात्र झपाट्याने खाली पडते: 100 मीटरवर नेम बसवला असेल तर 200 मीटरवर सुमारे 30 सेंटिमीटर खाली. 180 ग्रेनची .30-06 तेवढ्याच अंतरावर साधारण 10 सेंटिमीटरच पडते. पण तिचा धक्का मोठा, आणि हलक्या रायफलची मेख इथेच आहे. काडतूस तेच ठेवून वजन कमी केलं की धक्क्याची ऊर्जा त्याच पटीत वाढते. चार किलोच्या .30-06 मध्ये ती 27 जूलच्या आसपास असेल तर तीन किलोच्या रायफलमध्ये 36. खांदा तेवढं सोसतो, पण मन सोसत नाही. दोन-चार गोळ्यांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो आणि नेम जातो. शंभर मीटरच्या आतलं काम असेल तर .315 घ्या. समोरच्या खोऱ्यापर्यंत खरोखर नेम धरायचा असेल तरच .30-06, आणि तीही फार हलकी नको.

वजन किती असावं? रिकामी रायफल 3.2 ते 3.6 किलो, आणि पट्टा, पाच काडतुसं, दुर्बीण असं सगळं धरून 4 किलोच्या आत. कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. सामान तोलायचा हुकाचा काटा खिशात घेऊन दुकानात जा. वजन कमी करायचं ते सामानात करा: 4×32 ची (चौपट मोठं दाखवणारी, 32 मिलिमीटर काचेची) साधी दुर्बीण 350 ग्रॅमच्या आसपास बसते, तर मोठ्या काचेची आणि पोलादी कड्यांवर बसवलेली दुर्बीण पाऊण किलोवर जाते. नळी मात्र थोडी वजनदार असू द्या. चढून आल्यावर छाती धपापत असते, आणि पुढून हलकी असलेली रायफल प्रत्येक ठोक्याला उडते. पुढे थोडं वजन असलं की ती स्थिर राहते. नळी कापून रायफल हलकी करून देतो म्हणणारा कारागीर भेटला तर तिथून निघा. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा कलम 6 खाली गुन्हा आहे, आणि तोंड वाकडं कापलं गेलं तर नेमही कायमचा जातो.

दुकानात रायफल हातात आल्यावर सगळ्यात आधी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून घर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. मागची खाच आणि पुढची माशी मान न हलवता एका रेषेत दिसली तर दस्ता तुमच्या मापाचा. दस्त्याचं बूड कोपराच्या खळग्यात टेकवून बोट सहज चापापर्यंत पोचतं का तेही बघा. हे माप हिवाळ्यातला जाड स्वेटर घालून घ्या, कारण राखण थंडीतच जास्त असते. एका बोटावर तोलली तर रायफल मॅगझिनच्या पुढच्या कडेपाशी समतोल राहायला हवी.

जुनी रायफल घेत असाल तर घाई करू नका. .315 ची रचना ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश सैनिकी रायफलची आहे आणि तिचा बोल्ट त्या-त्या रायफलला घासून बसवलेला असतो. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलच्या शरीरावरचा क्रमांक एकच हवा, आणि तोच परवान्यावर. वेगळा निघाला तर व्यवहार तिथेच थांबवा. नळीत मागून उजेड टाकून पुढून बघा: पेच (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) धारदार दिसले पाहिजेत. गंजाचे बारीक खड्डे चालतील, पण मध्येच काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली असण्याची शक्यता आहे. तोंडाची कड नखाने तपासा. तिथला एक छोटा टवका नळीच्या आतल्या दहा खड्ड्यांपेक्षा वाईट, कारण गोळी सुटताना शेवटचा स्पर्श तिथलाच. झाडलेली एखादी पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) मागून घ्या. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटलं असेल तर बोल्ट आणि घर यांच्यातलं अंतर वाढलेलं आहे, आणि पुंगळी कधीतरी तुटून आत अडकणार. हे अंतर परवानाधारक कारागिराकडून गेजने मोजून घ्या. डमी काडतुसं भरून बोल्ट वीसेक वेळा चालवा.

.315 च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे आली पाहिजे. ती मागे राहिली तर कडा एकमेकीत अडकतात, बोल्ट जाम होतो आणि ऐन वेळी रायफलची काठी होते. नव्या माणसाची दुसरी चूक बोल्ट अर्धवट चालवण्याची. या रचनेत स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे शेवटी जोर लागतो. बिचकून हात आखडला तर बोल्ट बंदच होत नाही.

दुर्बीण लावायचीच असेल तर डोळ्यापासूनचं अंतर निदान 9 सेंटिमीटर मिळतंय का बघा. चढाकडे तोंड करून झाडताना डोकं आपोआप पुढे जातं आणि धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर बसते. पन्नास-साठ मीटरच्या कामाला साधी माशीच बरी. नेम बसवणं परवानाधारक रेंजवरच करा: 100 मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे गट, प्रत्येक गटानंतर नळी थंड होईपर्यंत थांबून. उतारावरचं गणित लक्षात ठेवा. चढ असो वा उतार, गोळी नेमापेक्षा वर लागते, कारण तिचं पडणं आडव्या अंतरावर ठरतं. 30 अंशांच्या उतारावर 150 मीटर दिसत असेल तर ते 130 धरा. जवळच्या अंतरावर हा फरक विसरला तरी चालेल.

चालताना काडतुसं मॅगझिनमध्ये, घर रिकामं. तारेचं कुंपण ओलांडताना मॅगझिनही काढा. गोळीमागे काय आहे हे दिसल्याशिवाय चापावर बोट नको. .30-06 ची गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि आपला काळा बसाल्ट तिला कुठेही उसळवतो. माळ्यावरून खाली, काळ्या मातीच्या दिशेने झाडलेली गोळीच भरवशाची. डोंगराच्या कडेवर उभ्या जनावरावर कधीही नाही. पलीकडे तांडा असतो, मेंढरांचा वाडा असतो, हंगामात ऊसतोडीच्या कोप्या असतात. उसात नुसती हालचाल दिसली म्हणून झाडू नका. रायफल घेऊन अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वेगळी लेखी परवानगी लागते, जनावराचा माग तिकडे गेला तरी.

पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो आणि नळीला एका बाजूने दाबतो. जूनमध्ये नेम बरोबर होता आणि ऑगस्टमध्ये एक वीत सरकला, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ज्या रायफलमध्ये नळी लाकडाला न टेकता बसवलेली असते तिच्यात कागदाची पट्टी नळीखालून घरापर्यंत मोकळी सरकायला हवी. जिथे अडकेल तिथलं लाकूड कारागिराकडून पाव मिलिमीटर तासून घ्या आणि वर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. रायफल कापडी पिशवीत गुंडाळून ठेवू नका, ओल धरते. तेलाचा पातळ हात फिरवून कुलपाच्या कपाटात उभी ठेवा, बोल्ट वेगळ्या जागी. आणि झाडायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसा, नाहीतर पहिली गोळी भलतीकडेच जाते.