एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स: फायली दोन्हीकडे सुरक्षितपणे कशा वापराव्यात

मुंबईतल्या लहान घरांत संगणक बहुधा एकच असतो आणि त्यावर सगळ्यांची कामे चालतात. गिरगावातल्या एखाद्या छपाईच्या व्यावसायिकाकडे दिवसा लग्नपत्रिकांची मांडणी विंडोजवर होते आणि रात्री घरातली मुलगी त्याच संगणकावर अभ्यासासाठी उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती सुरू करते. अशा वेळी फायली पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे नेत राहिल्यास एकाच फायलीच्या चार प्रती होतात आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या प्रतीत आहे हे कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा दोन्ही प्रणालींना वाचता येईल असा तिसरा, सामायिक विभाग (पार्टिशन) डिस्कवर करावा. लिनक्सला थेट विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये लिहू देणे मी टाळतो, कारण तिथे झालेल्या चुकीमुळे विंडोजच सुरू न होण्याचा धोका असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांब क्रमांक) कागदावर उतरवून ठेवावी. नंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे. आकडा एमबीमध्ये विचारला जातो, म्हणून १०० जीबी हवे असल्यास १०२४०० लिहावे. मोकळ्या झालेल्या जागेवर नवा विभाग करून तो एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल-पद्धतीने फॉरमॅट करावा. फॅट३२ ही जुनी पद्धत निवडू नये, कारण त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतही पोहोचू शकत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ त्याहून सहज मोठा असतो. एक्सफॅट या तिसऱ्या पद्धतीला ही अडचण नाही, परंतु त्यात बदलांची नोंदवही, म्हणजे जर्नल, नसते. त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेल्यास नुकसानीची शक्यता वाढते. मॅकवरही फिरणाऱ्या बाहेरच्या डिस्कसाठी एक्सफॅट चांगले, आतल्या विभागासाठी एनटीएफएस.

यापुढची पायरी बहुतेक जण वगळतात आणि डेटा बिघडण्याचे मोठे कारण तेच असते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलेली आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तिच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि जोडलेल्या विभागांची माहितीही त्या स्थितीत तशीच गोठलेली राहते. मधल्या काळात लिनक्सने सामायिक विभागात काही लिहिले, तर पुन्हा सुरू झालेली विंडोज आपल्या जुन्या माहितीवर विसंबून काम करते आणि त्यात फायली खराब होतात किंवा नाहीशा होतात. म्हणूनच असा विभाग लिनक्स अनेकदा केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यास नकार देते. तो नकार जबरदस्तीने मोडून काढू नये. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडावे, ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करावे आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढावी. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आली नाही ना, हे पाहावे. संगणक हायबरनेट करूनही, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून तो बंद करूनही, दुसऱ्या प्रणालीत जाऊ नये. घाईच्या वेळी ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण त्यात विंडोज खरोखर पूर्ण बंद होते.

उबुंटूमध्ये ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडून नवा विभाग निवडावा आणि ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये तो संगणक सुरू होताच जोडला जाईल अशी व्यवस्था करावी. विभागाची ओळख त्याच्या यूयूआयडीवरून, म्हणजे त्याच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून, ठेवावी, कारण डिस्कचे नाव बदलू शकते. पर्यायांच्या यादीत ‘नोफेल’ असू द्यावे, म्हणजे विभाग काही कारणाने सापडला नाही तरी उबुंटू सुरू होताना अडणार नाही. या विभागात कागदपत्रे, छायाचित्रे, मांडणीच्या फायली ठेवाव्यात. लिनक्सचे प्रोग्राम ठेवू नयेत, कारण लिनक्सच्या फाइल-परवानग्या तिथे नेहमीसारख्या टिकत नाहीत. विभागात दोष आढळल्यास दुरुस्ती विंडोजच्याच ‘चेक डिस्क’ने करावी.

मराठी नावे देणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लिनक्सच्या नेहमीच्या एक्सट४ विभागात फायलीचे नाव २५५ बाइटपर्यंतच असू शकते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा व हलन्तही धरून, ३ बाइट घेते. ‘पत्रिका’ या एका शब्दालाच २१ बाइट लागतात. म्हणजे सुमारे ८५ चिन्हांपलीकडचे नाव विंडोजमध्ये चालते, पण तीच फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये उतरवताना नाव फार लांब असल्याची तक्रार येते. उलट दिशेने, लिनक्समध्ये नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकले, तर विंडोजला ती फाइल हाताळता येत नाही. तेव्हा ग्राहकाचे आडनाव आणि तारीख एवढेच नाव पुरे, आणि तारखेत तिरकी रेघ न घालता आडवी रेघ वापरावी.