सेल्फ-बॅलन्सिंग ट्री वापरताय? आधी कम्पॅरेटर नीट लिहा

ऐरोली-महापे पट्ट्यात इंटरव्ह्यूच्या तयारीला लागलेली पोरं रेड-ब्लॅक ट्रीची रोटेशन्स (तोल साधायला फांद्या फिरवणं) वहीभर काढत बसतात. हा सेल्फ-बॅलन्सिंग ट्री, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवणारी आणि भर पडली तरी एका बाजूला न कलणारी रचना. इंटरव्ह्यूपुरतं ठीक आहे, पण कामाच्या कोडमध्ये हा ट्री स्वतः लिहू नका. अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी 1962 साली एव्हीएल ट्री हा असाच स्वतःचा तोल सांभाळणारा ट्री मांडला. तुमच्या स्प्रिंटमध्ये तो पुन्हा शोधायची गरज नाही. जावाचे ट्रीमॅप आणि ट्रीसेट आतून रेड-ब्लॅकच आहेत. सी प्लस प्लसचे मॅप-सेटही बहुतेक ठिकाणी तसेच. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत असा ट्री नाही. तिथे सॉर्ट केलेली लिस्ट आणि बायसेक्ट (अशा लिस्टमध्ये दर वेळी अर्धा भाग सोडत जागा शोधणारं मॉड्यूल) यांवर बरंच भागतं.

गरज आहे का, ते आधी बघा. नुसतं ‘ही की (नोंद ओळखायची खूण) आहे का?’ एवढंच विचारायचं असेल तर हॅशमॅप (क्रम न ठेवता कीवरून थेट नोंद देणारी रचना) घ्या आणि मोकळे व्हा. ‘याच्या पुढचं कोण?’ असं विचारायचं असेल आणि डेटाही सारखा बदलत असेल, तर ट्री.

समजा, ठाण्याहून सुटणाऱ्या लोकल साठवायच्या आहेत आणि 9:12 ची किंवा त्यानंतरची पहिली गाडी हवी आहे. वेळापत्रक आधीच क्रमाने लावलेलं असतं. ते साध्या बायनरी सर्च ट्रीत (लहान डावीकडे, मोठं उजवीकडे, पण तोल सांभाळणं नाही) तसंच ओतलं तर सगळ्या नोंदी एकाच बाजूला लटकतात. दहा लाख नोंदींना दहा लाख पातळ्या. रेड-ब्लॅकमध्ये तेवढ्याच नोंदी 40 पातळ्यांच्या आत बसतात.

आता खरी मेख: कम्पॅरेटर, म्हणजे दोन नोंदींत आधी कोण हे ठरवणारा कोड. ट्रीसेटमध्ये वेळेवरून तुलना लावली आणि 9:12 ला एक पनवेल, एक कर्जत अशा दोन गाड्या असल्या, तर दुसरी आत जातच नाही. एरर नाही, लॉग नाही. अ‍ॅड गुपचूप ‘फॉल्स’ परत करतं, आणि ते तपासतो कोण? ट्रीमॅपमध्ये वेळच की असेल तर आणखी वाईट: दुसरी गाडी पहिलीच्या जागी बसते. ट्रीच्या लेखी तुलनेचं उत्तर शून्य म्हणजे वस्तू एकच. तुमच्या इक्वल्सला (दोन वस्तू समान आहेत का, हे सांगणाऱ्या मेथडला) तो विचारत नाही.

म्हणून आधी वेळ, मग गाडी क्रमांक, असा कम्पॅरेटर लिहा. पण मग शोधतानाही सांभाळा. सीलिंगला (नमुन्याइतकी किंवा त्यापुढची पहिली नोंद देणाऱ्या मेथडला) द्यायच्या नमुना गाडीत वेळ 9:12 आणि क्रमांक शक्य तितका लहान ठेवा. क्रमांक मोठा पडला तर बरोबर 9:12 ची गाडी हातची जाते, आणि टेस्टमध्ये सगळं हिरवं दिसत राहतं.

‘अ वजा ब’ करून तुलना करायचा शहाणपणा नको. मोठ्या आकड्यांत ओव्हरफ्लो होतो, म्हणजे उत्तर इंटिजरच्या मर्यादेबाहेर जातं, आणि क्रम उलटा लागतो. इंटिजर डॉट कम्पेअर त्यासाठीच आहे.

आणि गाडी लेट झाली म्हणून ट्रीत बसलेल्या ऑब्जेक्टची वेळ तिथल्या तिथे बदलू नका. माझ्याकडे रिव्ह्यूला असा कोड आला की मी पुढचं वाचतच नाही. ट्रीला त्या बदलाचा पत्ता नसतो; गाडी जुन्या जागीच राहते आणि नंतर रिमूव्हलाही सापडत नाही. आधी काढा, मग वेळ बदला, मग पुन्हा घाला.

बाकी सोपं आहे. ‘पुढचं’साठी सीलिंग, ‘मागचं’साठी फ्लोअर, मधल्या पट्ट्यासाठी सबसेट. सी प्लस प्लसमध्ये सीलिंगऐवजी सेटचंच लोअर-बाउंड वापरा. अल्गोरिदम हेडरमधलं त्याच नावाचं फंक्शन सेटवर चालतं, पण एकेक नोंद ओलांडत जातं.

शेवटच्या लोकलनंतर सीलिंग नल (null, म्हणजे ‘काहीच नाही’) देतं, ते तपासा. आणि रात्री 12:20 ची गाडी आदल्या दिवसाच्या वेळापत्रकात धरायची असेल तर वेळ 20 नाही, 1460 मिनिटं लिहा. नाहीतर ती पहाटेच्या पहिल्या गाडीच्याही आधी जाऊन बसेल.